विचारल्याशिवाय अडायला हवं : सहावीच्या इंग्रजी तासाच्या प्रकल्प नोंदी

ठिकाण : आष्टी तालुक्यातली (जि. बीड) एक जिल्हा परिषद शाळा. वर्ग सहावी, पट 34, तास 35 मिनिटांचा. मुलांची नावं या नोंदींत घातलेली नाहीत.

18 जून 2024

शाळा 15 तारखेला उघडली. पुस्तकं वाटून झाली, गणवेशाची मापं गेली, आता तास सुरू.

ही मुलं इंग्रजीला नवखी नाहीत. राज्यात 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, म्हणजे यांची पाच वर्षं झाली. 'व्हॉट इज युवर नेम?' म्हटलं की उत्तर एका दमात येतं, गाव-तालुका-जिल्ह्यासकट. आज उलटं केलं. म्हटलं, मी गावात नवी आलेय, माझं नाव तुम्हाला माहीत नाही, मला इंग्रजीत विचारा. वर्ग गप्प. पुढच्या बस्करावरच्या एकाने धीर करून विचारलं, "माय नेम इज?" शेवटी आवाज वर नेला होता, म्हणजे प्रश्न करायचाय हे त्याला बरोबर कळलं होतं. प्रश्न विचारण्याची पाळी मात्र पाच वर्षांत त्याच्यावर आलीच नव्हती. प्रश्न बाईंचे, उत्तरं मुलांची, आणि तीही बाईंना आधीच ठाऊक असलेली.

म्हणून यंदा एवढंच धरलंय : स्वतःला माहीत नसलेली गोष्ट दुसऱ्याला इंग्रजीत विचारता यावी, आलेलं उत्तर कळावं आणि ते कशाला तरी वापरता यावं. मुदत दसऱ्यापर्यंत. दिवाळीनंतर वर्गातली बरीच मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात, त्यामुळे आमचं अख्ख्या वर्गाचं वर्ष खरं तर तेवढंच असतं.

उपक्रम निवडायला एकच चाळणी लावणार आहे. विचारल्याशिवाय काम अडतं का? अडत नसेल तर तो उपक्रम या प्रकल्पात नको. गाणी, टाळ्या, मुखवटे हे सगळं चांगलंच, फोटोही छान येतात. पण वर्गाने एका सुरात म्हटलेल्या इंग्रजी गाण्यात कोण कुणाशी बोलतंय?

25 जून

सुरुवात तोंडाने नको, हातापायांनी करू. जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1960च्या दशकात मांडलेली ही रीत. प्रशिक्षणांत तिला 'टीपीआर' (टोटल फिजिकल रिस्पॉन्स) म्हणतात. सूचना ऐकायची, अंगाने करून दाखवायची, बोलायची सक्ती नाही. तान्हं मूल स्वतः बोलायच्या कितीतरी आधी 'ये', 'दे', 'ठेव' ऐकून तसं करतं, त्यावरच ती उभी आहे.

स्टँड अप, टर्न अराउंड, टच द वॉल, गो टू द डोअर. आधी मीही त्यांच्याबरोबर केलं, सगळं सुरळीत. मग मी हात बांधून उभी राहिले आणि नुसते शब्द दिले. 'टच द विंडो' म्हटल्यावर अर्धा वर्ग आधी शेजाऱ्याकडे बघतो आणि मग उठतो. कुणाला कळलं आणि कुणी बघून केलं हे गर्दीत समजतच नाही. उपाय सोपा निघाला : डोळे मिटून बसा, 'टच युवर एल्बो'. हात कुणाचे गुडघ्यावर, कुणाचे कानावर, काहींचे हवेतच. शिक्षकाला दोन सेकंदांत पूर्ण चाचणी मिळते, आणि डोळे मिटलेले असल्याने कुणाची कुणासमोर फजितीही होत नाही.

शेवटी 'पुट द डस्टर ऑन द चेअर', आणि लगेच 'पुट द चेअर ऑन द डस्टर'. दुसऱ्या वाक्याला जे हसले त्यांना वाक्य कळलं होतं.

3 जुलै

आज आज्ञा मुलांच्या. वर्षभर जिचा आवाज ऐकू येत नाही अशी एक मुलगी आहे. गणिताचे सर हजेरीचा कागद घ्यायला आत आले, तर ही उठून म्हणाली, "सर, सिट ऑन द फ्लोअर." सर मोठ्या मनाने बसले. त्यानंतर वर्गातल्या प्रत्येकाला सरांना काहीतरी करायला लावायचं होतं.

या रीतीची हद्दही इथंच दिसते. आज्ञेत कुणाला काही हवं नसतं. कान तयार व्हायला आणि भीड मोडायला ती उत्तम, महिनाभर चालवावी. त्यापुढे ओढली तर पीटीचा तास होतो.

12 जुलै

पायाभूत चाचणीत आठवडा गेला. इंग्रजीच्या पेपरात मुलांनी कुणाला काही विचारावं असं काहीच नव्हतं. लेखी पेपरात असणार तरी कसं.

18 जुलै

बाजाराची कार्डं. आमच्या आठवडी बाजारातल्या सहा वस्तू : कांदा, टोमॅटो, वांगी, मेथीची जुडी, लसूण, शेंगदाणे. 'अ' कार्डावर तिघांचे भाव, 'ब' कार्डावर उरलेल्या तिघांचे. दोन्हींवर खाली तीच यादी आणि तोच सवाल : शंभर रुपयांत ही भाजी बसते का? जोडीदाराकडचे भाव कळल्याशिवाय बेरीज पुढे सरकत नाही.

कार्डं हातात पडली आणि मिनिटभरात तीन-चार जोड्या ओरडल्या, "मॅडम, झालं!" दोन्ही कार्डं शेजारी ठेवून भाव उतरवून घेतले होते. इंग्रजीचा एक शब्द खर्ची पडला नव्हता. व्यवहार म्हणून चोखच. मग सगळ्यांना पाठीला पाठ लावून बसवलं. वर्गात बाक नाहीत, बस्करपट्ट्या आहेत, याचा मला पहिल्यांदाच फायदा झाला. बाकांच्या वर्गात हे करायला निम्मा तास जातो.

आणि मग जे झालं ते सविस्तर लिहून ठेवते. खिडकीजवळच्या जोडीत 'अ'ने मेथीचा भाव विचारला. 'ब' म्हणाली, "फिफ्टीन रुपीज." 'अ'ने पन्नास लिहिले. त्याची बेरीज शंभराच्या वर गेली, तिची खाली राहिली. दोघांनीही मान वळवून एकमेकांकडे बघितलं. तो म्हणाला, "मेथी पन्नासला असती का कुठं!" तिने पुन्हा सांगितलं, "फिफ्टीन. फिफ्टीन." त्याला पुन्हा फिफ्टीच ऐकू आलं. मग त्याने दोन बोटं वर केली (तिला पाठीमागून दिसत नव्हतीच) आणि विचारलं, "वन-फाइव्ह? फाइव्ह-झीरो?" ती म्हणाली, "वन-फाइव्ह." त्याने खोडलं आणि लिहिलं. हा प्रश्न मी शिकवलेला नव्हता, पुस्तकातही नाही. काम अडलं म्हणून त्याने जागेवर तयार केला.

मायकेल लाँग या अभ्यासकाने 1980च्या दशकात नेमकं हेच मांडलं : समोरच्याचं नीट कळलं नाही, म्हणून पुन्हा विचारलं, त्याने वेगळ्या पद्धतीने सांगितलं, या घासाघाशीतून भाषा आत शिरते. प्रशिक्षणात हे ऐकलं होतं तेव्हा 'बरं' म्हणून वहीत उतरवलं होतं. आज ते मेथीच्या जुडीवरून समोर घडलं.

उद्यापासून फळ्याच्या कोपऱ्यात कायमचं लिहून ठेवायचं : 'सॉरी?', 'से इट अगेन', 'वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झीरो?'

26 जुलै

कार्डांबद्दल थोडं, कुणी करायला घेतलं तर उपयोगी पडेल. जुन्या वह्यांचे पुठ्ठे चालतात. 'अ' कार्डांना लाल कड, 'ब'ना निळी, म्हणजे वाटताना घोळ होत नाही आणि दोन लाल शेजारी आले तर लांबूनही दिसतं. आकडे मुद्दाम अडचणीचे घालावेत : 13 आणि 30, 14 आणि 40. गोल आकडे घातले की कुणी 'सॉरी?' म्हणतच नाही. एक संच दोन-तीनदाच चालतो, मग भाव पाठ होतात. त्यामुळे भाव पेन्सिलीने लिहावेत आणि बदलावेत.

सूचना मराठीत द्याव्यात की इंग्रजीत, यावर दरवेळी वाद होतो. माझं मत : सूचना देऊच नये, एका जोडीला पुढे घेऊन करून दाखवावं. ते जमण्यासारखं नसेल तर एका मराठी वाक्यात सांगून मोकळं व्हावं. सूचना इंग्रजीतच द्यायच्या म्हणून दहा मिनिटं हातवारे करण्यात मुलांच्या बोलण्याची वेळ जाते.

31 जुलै

केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद. कार्डं दाखवली. अपेक्षित आक्षेप आले : गोंधळ होतो, शेजारचा वर्ग तक्रार करतो, अभ्यासक्रम मागे पडतो. पण एका ज्येष्ठ सरांचा आक्षेप विचार करण्यासारखा होता. ते म्हणाले, "बाई, पोरं आपसात मोडकं इंग्रजी बोलणार, एकमेकांचं ऐकून तेच पक्कं होणार. त्यापेक्षा तुम्ही बोला, ते ऐकतील."

हा आक्षेप जुना आहे आणि पूर्वी तो घेणारा माणूस साधासुधा नव्हता. एन. एस. प्रभू या इंग्रजी भाषाशिक्षणाच्या तज्ज्ञाने 1979 ते 1984 या काळात बंगळूर, मद्रास वगैरे ठिकाणच्या साध्या शाळांत एक प्रयोग चालवला. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवले आणि मुलांना रेल्वेचं वेळापत्रक, नकाशे, हिशेब अशी डोकं चालवायची कामं इंग्रजीतून दिली. जगभरात आज ज्याला कामावर आधारलेलं भाषाशिक्षण म्हणतात त्याच्या मुळाशी हा आपल्याकडचा प्रयोग आहे. आणि त्यात प्रभूंनी गटकार्य मुद्दाम टाळलं, अगदी याच कारणासाठी. आधी शिक्षकाने सगळ्या वर्गाबरोबर एक काम बोलत बोलत सोडवायचं, मग तसंच दुसरं प्रत्येकाने एकट्याने करायचं.

मला त्यातला पहिला भाग पटतो, दुसरा माझ्या वर्गात परवडत नाही. साधा हिशेब आहे. 35 मिनिटं, 34 मुलं. मी तोंड शिवून बसले तरी एकेकाच्या वाट्याला मिनिटभर येतं. जोड्यांत तेच काम दिलं तर सतरा जण एकाच वेळी बोलतात. म्हणून आमचा तह : पहिलं काम माझ्याबरोबर अख्ख्या वर्गाचं, म्हणजे नीट इंग्रजी कानावर पडतं. तसंच दुसरं काम जोडीत. सर "बघू" म्हणाले. आमच्याकडे हे बरंच झालं.

8 ऑगस्ट

सर्वेक्षण. प्रत्येकाने पाच जणांना विचारायचं आणि तक्ता भरायचा. यंदाच्या (2024-25) पाठ्यपुस्तकांत धड्यांमागे वहीसारखी कोरी पानं होती, ती या तक्त्यांना उत्तम लागली.

प्रशिक्षणाच्या पुस्तिकेतले प्रश्न 'डू यू हॅव अ बायसिकल?', 'डू यू हॅव अ पेट?' अशा धर्तीचे. ते घेऊन वर्गात गेलं की एक गंमत कळते : आमच्या गावात कुणाकडे किती शेळ्या, कुणाची सायकल पंक्चर, हे सगळ्यांना सगळं माहीत असतं. मुलं जागचं न हलता तक्ता भरतात. अनोळखी मुलांच्या शहरी वर्गासाठी केलेला उपक्रम खेड्यात जसाच्या तसा चालत नाही, कारण इथं विचारायला काही उरलेलंच नसतं.

मग जे बाहेरून दिसत नाही तेच विचारायचं ठरलं. सकाळी किती वाजता जाग आली? काल रात्री किती भाकरी खाल्ल्या? पालीला भितोस का? रात्री स्वप्न पडलं का? 'आर यू अफ्रेड ऑफ लिझर्ड्स?' या प्रश्नाने वर्ग उठवला. दांडगाई करणाऱ्या एका पोराने हळूच 'येस' म्हटलं आणि विचारणारीने ते खातरजमा करायला मोठ्याने पुन्हा विचारलं.

भाकरीचं इंग्रजी मी करू दिलं नाही. 'हाउ मेनी भाकरीज' हेच बरोबर.

14 ऑगस्ट

चुकांचं काय करायचं, हे आता ठरवलं पाहिजे. मराठीत आवाज वर नेला की प्रश्न होतो, त्यामुळे 'यू हॅव डॉग?', 'यू ईट हाउ मेनी भाकरीज?' अशी वाक्यं सतत येतात. समोरच्याला कळतं, उत्तर मिळतं, काम होतं. मध्येच थांबवून 'डू यू, डू यू' करायला लावलं तर पुढचा अर्धा तास ते पोरगं बोलत नाही.

म्हणून काम चालू असताना फक्त फिरायचं, ऐकायचं आणि वहीच्या मागच्या पानावर लिहायचं. शेवटची पाच मिनिटं : ऐकलेली चार-पाच वाक्यं फळ्यावर, कुणाची ते न सांगता. दुरुस्ती वर्गाने करायची. ज्या चुकीमुळे जोडीदाराचं काम अडलं ती आधी. 'शी गो' ची 'शी गोज' व्हायला वेळ लागणार आहे, लागू दे.

दुसरी गोष्ट माझ्या थांबण्याची. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती तपासल्या. शिक्षक प्रश्न विचारल्यावर जेमतेम सेकंदभर थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब होतात, गप्प राहणारी मुलंही बोलायला लागतात, असं तिला दिसलं. परक्या भाषेत तर मुलाला आधी प्रश्न उलगडायचा असतो, मग उत्तर जुळवायचं असतं. मी पाठीमागे हात घेऊन बोटं मोजते. तीन बोटं फार लांब वाटतात, विशेषतः दारात केंद्रप्रमुख उभे असले की.

23 ऑगस्ट

पळतं श्रुतलेखन. व्हरांड्याच्या खांबावर पाच ओळींचा उतारा चिकटवला. जोडीतला एक पळत जाऊन वाचतो, डोक्यात धरतो, परत येऊन सांगतो, दुसरा आत बसून लिहितो. अर्ध्यावर अदलाबदल. नियम दोन : खांबापासून ओरडायचं नाही, आणि कागद फाडून आणायचा नाही. दुसरा नियम मुलांनीच सुचवला, म्हणजे कुणाच्या तरी डोक्यात होतं.

बघण्यासारखं हे की प्रत्येक जण वाक्य वेगळं वाहून आणतो. काही जण एकेक शब्द आणतात आणि दमतात. एक जण अक्षरं आणत होता, 'बी, यू, एफ, एफ', आणि अर्ध्या वाटेत पुढचं सांडत होतं. दोन-तीन मुली अख्खा तुकडा आणतात, 'इन द मॉर्निंग', 'नियर द वेल'. त्यांच्या जोड्या पहिल्या आल्या. पुढच्या वेळी पळण्याआधीच वाक्य तुकड्यांत कसं तोडायचं ते त्या मुलींकडून वर्गाला दाखवून घेतलं.

पाऊस नसेल तरच करावं. ओल्या फरशीवर हा खेळ नको.

4 सप्टेंबर

पोळ्यापासून मराठवाड्यात पाऊस नुसता कोसळतोय. ओढ्यापलीकडच्या वस्तीची मुलं येऊ शकत नाहीत. जी आली त्यांच्याबरोबर प्रभूंच्या पद्धतीने एसटीचं वेळापत्रक घेतलं. फळ्यावर आष्टी, कडा, नगर, जामखेड आणि वेळा. 'द बस लीव्ज आष्टी ॲट सेव्हन फिफ्टीन. इट रीचेस नगर ॲट नाइन. हाउ लाँग इज द जर्नी?' मी बोलत सोडवलं, मग तसंच दुसरं त्यांनी एकट्याने. शांत, नीट तास झाला. पाठीला पाठ लावलेल्या तासांइतका जिवंत नाही, पण काल-परवा आजारी असलेल्या, मागे पडलेल्या मुलांना जोडीदारापुढे उघडं न पडता धरून आणायला हा प्रकार चांगला. अधूनमधून ठेवणार.

20 सप्टेंबर

गणपती आटोपले. आज 'जिगसॉ'. 1971 साली अमेरिकेत ऑस्टिनमध्ये एलियट ॲरनसन यांनी हा काढला, आणि इंग्रजी शिकवायला नव्हे. गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं तिथं नुकतीच एका वर्गात आली होती आणि एकमेकांच्या जिवावर उठली होती. ॲरनसननी धड्याचे तुकडे करून प्रत्येकाच्या हाती एकच तुकडा दिला. परीक्षा मात्र सगळ्या धड्याची. मग ज्याला कालपर्यंत हिणवलं त्याचंच कान देऊन ऐकावं लागतं. गावठाण, वस्ती आणि तांडा अशी बस्करं आपोआप वेगळी पडणाऱ्या वर्गाला ही गोष्ट फार लांबची वाटत नाही.

उतारा सुगरण पक्ष्याचा, सोप्या इंग्रजीत चार तुकडे : घरटं कोण विणतो (नर), कुठे टांगतो, कशाने विणतो, आणि मादी ते तपासून कशी पसंत करते. एकाच तुकड्याची मुलं आधी एकत्र बसून तो पक्का करतात, शब्द अडला तर तिथेच सोडवतात. मग आपापल्या गटात परत जाऊन तो सांगतात. शेवटी चित्र काढायचं, चारही तुकड्यांतली माहिती त्यात दिसली पाहिजे.

इथं अपेक्षेबाहेरचं घडलं. विहिरीवरच्या बाभळीला लोंबणारी घरटी ज्यांनी रोज बघितली आहेत त्यांना उताऱ्यापेक्षा जास्त माहीत होतं. शेळ्या राखणारा एक मुलगा म्हणाला, "नो मॅडम. टू हाउस. वन हाफ." अर्धवट सोडलेलं घरटंही असतं, मादीने नापसंत केलं की नर ते तसंच टाकतो, हे त्याला सांगायचं होतं. उताऱ्यात ते नव्हतं. चार शब्दांत त्याने वर्गाला नवी माहिती दिली आणि चित्रांत अर्धी घरटी आली. त्याला वाचन जेमतेम येतं.

10 ऑक्टोबर

परवा दसरा. ऊसतोडीच्या मुकादमांनी उचली (आगाऊ पैसे) वाटल्या आहेत, कुणाच्या घरचा कोयता (ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी) कुठल्या कारखान्यावर जाणार याचीच चर्चा. मुलं जायच्या आत तोंडी चाचणी उरकली.

दोन जवळपास सारखी चित्रं, एक याच्याकडे, एक तिच्याकडे. सहा फरक बोलून शोधायचे, चित्र दाखवायचं नाही. प्रभूंची फूटपट्टी लावली : निम्म्या वर्गाला निम्मं काम जमलं तर काम योग्य उंचीचं. त्या मापाने पार पडलो. प्रश्न विचारण्याचं भय गेलंय हे नक्की, 'से इट अगेन' तर आता मैदानावरही ऐकू येतं. 'इज देअर अ ट्री?' असा सरळ प्रश्न मोजक्यांनाच येतो, बाकीचे 'ट्री येस ऑर नो?' वर भागवतात. जागा सांगणारे शब्द, 'बिहाइंड', 'बिटवीन', अजून कच्चे आहेत.

लेखी चाचणीतला पहिला नंबर इथं मधेच कुठेतरी राहिला. जोडीदाराला कळलं नाही तर ती तेच वाक्य त्याच शब्दांत पुन्हा म्हणते, थोडं जोरात. सुगरणीवाला मुलगा शब्द बदलून बघतो, हातात काही नसेल तर आवाज काढून दाखवतो. त्या जोडीने सहाही फरक काढले.

28 नोव्हेंबर

दिवाळी झाली, 20 तारखेला विधानसभेचं मतदान झालं. आमची प्रशिक्षणं, ड्यूट्या, शाळेतच केंद्र, त्यात महिना गेला. गाळप हंगाम 15 तारखेपासून सुरू झालाय. वर्गात आता निम्मी मुलं. मागे राहिलेल्यांपैकी काही आजी-आजोबांजवळ, त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाचं जेवण सुरू आहे.

जिगसॉ या दिवसांत चालत नाही. ज्याच्याकडे तुकडा तोच गैरहजर, की अख्खा गट बसून राहतो. आता प्रत्येक तुकडा दोघांकडे देते, गट लहान, तुकडे चारऐवजी तीन. रोज कोण येणार हे हजेरी घेतल्यावरच कळतं, म्हणून गट आधी ठरवायचे नाहीत.

5 डिसेंबर

वर्गातली मुलं एकमेकांबद्दल सगळं जाणतात ही ऑगस्टपासूनची अडचण. आता निम्मा वर्ग कोल्हापूर, सांगली, सातारा, काही जण थेट कर्नाटकात. तिथं त्यांची कोपी (ऊसतोड मजुरांची झोपडी) कशी आहे, पाणी कुठून आणतात, हे इथं कुणालाच ठाऊक नाही. म्हणजे विचारण्यासारखं आता खरंच काहीतरी आहे.

वडिलांच्या फोनवर आवाजी संदेश पाठवायचा, तीस सेकंदांचा, तीन प्रश्न इंग्रजीत. गटाने प्रश्न ठरवायचे, एकाने बोलायचं. पहिल्या गटाचे प्रश्न : 'व्हेअर आर यू?', 'इज देअर अ स्कूल?', 'हू इज युवर फ्रेंड देअर?' मी एकही शब्द सुचवला नाही. दुसऱ्या गटाने विचारलं, 'हाउ मेनी डॉग्ज?'

वेळ संध्याकाळची. दिवसा फोन उसाच्या फडात असतो, आणि रेंज नसते तिथं नसतेच.

18 डिसेंबर

उत्तरं आली, सगळ्यांची नाही. जी आली त्यांत मागे ट्रॅक्टरचा आवाज, लहान भावंडाचं रडणं. एका मुलीने उत्तर मराठीत दिलं आणि शेवटी 'ओके बाय' म्हटलं. तेही ठेवून घेतलं. सुगरणीवाल्याचा संदेश वर्गाला चार वेळा ऐकवावा लागला, कारण तक्त्यात भरायचं होतं : 'आय ॲम इन सांगली. नो स्कूल. आय वेक अप फोर ओक्लॉक. फादर कट, मदर टाय, आय गिव्ह वॉटर बुल.' शेवटी त्याने स्वतःहून विचारलं, 'यू? व्हॉट लेसन नाउ?'

पुन्हा पुन्हा ऐकण्यात ऐकण्याचा जो सराव झाला तो कुठल्याही सीडीवर झाला नसता. 'टाय' हा शब्द वर्गातल्या अनेकांना नवा होता, तो त्याला कुठून आला कळलं नाही. मोळी बांधणं समजायला मात्र आमच्या मुलांना चित्र लागलं नाही.

'नो स्कूल' या दोन शब्दांचं काय करायचं, ते इंग्रजीच्या तासात बसत नाही. मुख्याध्यापकांशी बोलले. तो ज्या गावात आहे तिथल्या शाळेत त्याला बसवून घेता येतं, नियमाने यायलाच हवं. फोन लावायचं ठरलंय.

9 जानेवारी 2025

त्या गावच्या शाळेतल्या मॅडमशी बोलणं झालं, त्या घेतील म्हणाल्या. कोपीपासून शाळा लांब आहे, रोज सोडणार कोण हा प्रश्न उभाच आहे. अजून तो गेलेला नाही.

इथल्या वर्गाने त्याच्या 'व्हॉट लेसन नाउ?' ला उत्तर पाठवलं. पाच जणांनी मिळून केलेलं, तीस सेकंदांत न बसल्याने दोन तुकड्यांत. त्यात एक प्रश्न घालायचाच असा वर्गाचा नियम झालाय, नाहीतर पलीकडून उत्तर येत नाही.

कामाचं : बाजाराच्या कार्डांच्या कडा उसवल्यात, पुठ्ठे बदलायचे. चित्रांतले फरक शोधायचे आणखी दोन संच, 'बिहाइंड' आणि 'बिटवीन' जास्त घालून. पाचवीच्या बाईंनी लाल-निळी कार्डं मागितलीत, त्यांच्या वर्गात बाक आहेत, तेव्हा पाठीला पाठ लावायला व्हरांडा वापरावा लागेल. कारखाने बंद व्हायला लागले की मुलं परत येतील, त्याआधी एप्रिलच्या परीक्षेचा धडा 6 आणि 7 जिगसॉमध्ये कापून ठेवायचा, प्रत्येक तुकडा तिघांना पुरेल असा.